बिनवासाचं घर

लग्न होऊन मी लोहाऱ्याला आले, तेव्हा सासरच्या उंबऱ्यावर माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. माप ओलांडायला पाय उचलला आणि नाकात असा काही झणका गेला की समोरचं दिसेना. ओवाळायला आलेल्या बायका एकमेकींना म्हणाल्या, "माहेर आठवलं लेकराला." मला माहेरबिहेर काही आठवत नव्हतं. तेरच्या आमच्या घरात शेणाचा, चुलीचा, गुरांचा, पावसाळ्यात नदीच्या गाळाचा असे सगळे वास असायचे. पण डोळ्यांत शिरणारा वास मी पहिल्यांदाच घेत होते. ओवाळणाऱ्या बायकांच्या मागं पदर खोचून, हातात ओलं फडकं धरून एक उंच, सावळी बाई उभी होती. मी माप लवंडून आत पाऊल टाकलं, तशी ती खाली बसली आणि माझ्या मागचे सांडलेले तांदूळ वेचायला लागली. तांदूळ वेचून झाल्यावर तिनं तिथं फिनेलचं फडकं फिरवलं. मग वर बघून हसली.

"ये गं बाई. घर चकाचक करून ठेवलंय तुझ्यासाठी. वास आला का?"

ही माझी थोरली जाऊ, महानंदाअक्का.

अक्काचं माहेर सीमेपलीकडचं, आळंदच्या बाजूचं. घरात सगळे तिला अक्काच म्हणायचे. तिच्याहून मोठ्या असलेल्या आत्याबाईसुद्धा, म्हणजे आमच्या सासूबाई. तिच्या मराठीत कानडी शब्द सहज यायचे. भांडण वाढलं की "साकु आता" म्हणायची, आणि मग खरंच पुरे व्हायचं. थोरल्या भाऊजींचं मेन रोडला किराणा दुकान होतं. आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक. घर नव्यानं बांधलेलं, फरशीचं, आणि त्या फरशीवर राज्य अक्काचं.

सकाळी उठून बघावं तर अक्काची बादली भरलेली. फिनेल तर रोजचंच. संडास-न्हाणीत ॲसिड, मोरीत ब्लीचिंग पावडर, कपाटात डांबराच्या गोळ्या, पुढच्या खोलीत फवाऱ्याचा गुलाब. बोअरचं पाणी जड, त्यामुळं न्हाणीच्या फरश्यांवर पांढरट-पिवळे थर चढायचे. त्या थरांशी तिचं वैर होतं. दुपारी सगळे लवंडले की ही न्हाणीचं दार लावून आत घासत बसायची. तिच्या बोटांची कातडी सोललेली असायची, संध्याकाळी त्यावर खोबरेल चोळायची. मी एकदा म्हटलं, "अक्का, हात बघा की तुमचे." तर म्हणाली, "हात कोण बगतं? घर बगतेत लोकं."

आत्याबाईंचा राखेचा डबा तिनं मी येण्याआधीच फेकून दिला होता. "राखंनं भांडी घासायला आपण काय रानात ऱ्हायलाव का?" असं म्हणून. आत्याबाई मला चोरून सांगायच्या, "माझ्याच घरात मला शिंक आली तरी भ्या वाटतं, बाई." पण तोंडावर बोलायची त्यांचीही छाती नव्हती. आणि खरं सांगायचं तर गल्लीत अक्काच्या घराचं नाव होतं. समोरच्या सुमनकाकू तर पाहुणे आले की त्यांना मुद्दाम आमच्या घरी पाणी प्यायला घेऊन यायच्या. "बगा, असं घर पायजे," म्हणायच्या. अक्का तेव्हा दारातून बाजूला सरायची, जणू मागं ठेवलेलं चित्र दाखवतेय.

आमच्याकडं नवरात्राआधी दसरा काढतात. घट बसायच्या आत घरातली चिंधी न् चिंधी धुवायची, भांडं न् भांडं घासायचं, भिंती झाडायच्या. माझ्या लग्नाला चार-पाच वर्षं झाली होती, त्या वर्षी दसरा काढायचा शेवटचा दिवस होता. मी गच्चीवर गोधड्या वाळत घालत होते. सुमनकाकू त्यांच्या गोधड्या आमच्याच गच्चीवर टाकायला आल्या होत्या. खालून बादली पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. काकू म्हणाल्या, "पडली वाटतं गं कोन तरी."

आम्ही खाली आलो. न्हाणीचं दार आतून लावलेलं. दाराच्या फटीतून तो वास येत होता. पण रोजचा नव्हे. तो घशाला चिकटत होता. मी हाका मारल्या. आतून खरवडल्यासारखा आवाज आला, कुणीतरी नखांनी दार ओढत असल्यासारखा. काकूंनी मला बाजूला ढकललं आणि खांद्यानं दारावर धडक दिली. कडी निखळली, पण दार अर्धंच उघडलं. आत हिरवट पिवळा धूर तरंगत होता आणि अक्का फरशीवर पालथी पडली होती, तोंड दाराच्या फटीला लावून. काकूंनी पदर नाकाला लावला, तिच्या बगलेत हात घातले आणि तिला फरफटत अंगणात आणलं. मी फक्त उभी होते. पुढं कित्येक दिवस मला ते तोंडच दिसायचं. ओठ निळे, डोळे उघडे, आणि इतकी धिप्पाड बाई मासोळीसारखी तडफडत हवा शोधत होती.

उमरग्याला नेलं, तिथून सोलापूरला. तिथल्या तरुण डॉक्टरांनी भाऊजींना विचारलं, "आत काय काय टाकलं होतं?" आम्हाला माहीत नव्हतं. अक्कानंच, नळी काढल्यावर, हातवारे करून सांगितलं. आधी ॲसिड ओतलं. डाग जाईनात. मग त्यावरच ब्लीचिंग पावडर टाकली, दोन्हींचा जोर एक व्हावा म्हणून. डॉक्टर म्हणाले, "या दोन्हींतून जो वायू निघतो ना, तो लढाईत माणसं मारायला वापरला होता."

भाऊजी भिंतीला टेकून खाली बसले. "साहेब, दोन्ही माज्या दुकानात शेजारीशेजारी ठेवल्यात की हो," एवढंच ते म्हणाले. घरातली, रोजच्या हाताखालची, दुकानात साखर-चहाच्या ओळीत बसलेली वस्तू लढाईतली निघाली, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. मी रिकाम्या बाकाकडं बघत राहिले.

अक्का वाचली. आवाज मात्र गेला. अगदी गेला असं नाही. पण जो उरला तो कागद फाटल्यासारखा होता. आणि खरा धक्का घरी आल्यावर बसला. जीप दारात थांबली, ती उतरली, उंबऱ्यावर पाऊल ठेवलं आणि खोकल्यानं वाकली. मागं सरली. पुन्हा पुढं आली. पुन्हा तेच. भिंतीत, पडद्यांत, कपाटात, गादीत इतकी वर्षं मुरलेला तो वास तिला आत येऊ देईना. आपणच घासूनपुसून ठेवलेल्या घराच्या दारात ती उभी होती आणि तिला आत जाता येत नव्हतं. मी आजवर असं काही पाहिलं नव्हतं. कुणी हाकललेलं नाही, कुणी अडवलेलं नाही, आणि तरी बाई आपल्या घराबाहेर.

तिचं अंथरूण परसात कडुलिंबाखाली टाकलं. मी आणि आत्याबाईंनी घर धुवायला घेतलं, नुसत्या पाण्यानं. पडदे काढले, गाद्या उन्हात टाकल्या, डांबराच्या गोळ्या गावाबाहेर पुरून आले. धुऊन झालं की मी अक्काला बोलवायची, ती दारापर्यंत यायची आणि मान हलवायची. पुन्हा धुवायचं. लिंबाखाली बसून ती मला बघायची. एकदा मी जवळ गेले तर पुटपुटली, "रेणुके, मला बगायला पयलं स्थळ आलतं ना, तवा आमच्या घरात शेळ्या होत्या. एकच खोली. पाव्हणे नाकाला रुमाल लावूनच बसले. च्या न पिता उठले. माज्या आईनं तोंड झाकून घेतलं." मग म्हणाली, "तवापसून मला वाटतं, कुनीतरी नाक दाबून उबं हाय माज्या दारात."

इतकी वर्षं आम्ही तिला हौशी समजत होतो.

ती घरात आली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. आता प्रश्न नवा होता. फिनेल नको, ॲसिड नको, उदबत्तीसुद्धा नको, झाडूची धूळ उडाली तरी तिला धाप लागायची. आणि अस्वच्छ घरात बसणं तर तिच्या रक्तात नव्हतं. आत्याबाईंनी मोठ्या उत्साहानं राख आणली. भांडी लख्ख झाली. पण राखेचा धुरळा अक्काच्या छातीत गेला आणि फरशीवर करड्या रेघा उमटल्या. मग ताकानं ओटा पुसून बघितला. दोन दिवसांनी स्वयंपाकघराला असा आंबूस वास सुटला की भाऊजी ताट घेऊन दुकानात जेवले. मला हसू आवरेना. अक्काही हसली, मग खोकली, मग पुन्हा हसली. अपघातानंतरचं तिचं ते पहिलं हसू.

तालुक्यातल्या बचत गटाच्या बायकांना कुणीतरी गूळ आणि लिंबा-मोसंबीच्या सालींचं आंबवलेलं पाणी करायला शिकवलं होतं. अक्कानं ते ऐकलं आणि भाऊजींना गुळाची ढेप मागितली. साली, गूळ, पाणी प्लास्टिकच्या बाटलीत भरून झाकण गच्च लावून फळीवर ठेवलं. सुरुवातीला रोज झाकण सैल करून आतली हवा सोडायची असते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एके दुपारी स्वयंपाकघरात बार उडाल्यासारखा आवाज झाला. आम्ही धावलो, तर छतावर मोसंबीच्या साली चिकटलेल्या, भिंतींवरून गुळाचं पाणी ओघळतंय आणि आत्याबाई देवघराच्या कोपऱ्यात हात जोडून बसलेल्या. "ह्याच्यापरीस ॲसिड बरं हुतं की गं!" त्या म्हणाल्या. अक्का पाठ फिरवून भिंत पुसायला लागली, पण तिचे खांदे हलत होते.

अशी ती चुकत, पुसत, पुन्हा करत गेली. फरशीला रिठ्याचं पाणी. तांब्या-पितळेला चिंच. तेलकट ओट्याला खाण्याचा सोडा आणि कढत पाणी. दाण्यांत आणि गोधड्यांत कडुलिंबाचा वाळला पाला. झाडू बंद, जुन्या साडीच्या ओल्या फडक्यानंच केर गोळा करायचा, म्हणजे धूळ उडत नाही. न्हाणीतल्या ज्या डागांपायी तिचा जीव जायची वेळ आली, त्यांवर तिनं चिंचेच्या कोळात भिजवलेली फडकी चिकटवली आणि तशीच राहू दिली. दुसऱ्या दिवशी काढून घासली. थोडा डाग गेला. पुन्हा चिकटवली. आठवडे गेले. एक दिवस तिनं मला हात धरून न्हाणीत नेलं. फरशी मूळच्या रंगाची झाली होती. थोडी खरबरीत, पण स्वच्छ.

"घाई नव्हती गं कसलीच," ती म्हणाली. "म्याच घाई केली."

तिचं बोलणंच बदललं होतं. पूर्वी विचारायची, वास आला का. आता कुणी आलं की म्हणायची, "चप्पल काढा. डोळ्यानं नगं, तळपायानं बगा." आणि खरंच, उन्हातून येऊन त्या फरशीवर पाय ठेवला की थंडगार, कोरडं, जराही चिकट न लागणारं काहीतरी पायाला भेटायचं. कसलाच वास नसायचा. पहिल्यांदा आलेल्या माणसाला काय वेगळं आहे ते कळायचं नाही, तो नुसता खोल श्वास घ्यायचा.

गल्लीतल्या बायका विचारायला येऊ लागल्या. पहिल्या आल्या सुमनकाकू. पाण्याचा तांब्या तोंडाला लावण्याआधी म्हणाल्या, "तुला वढून काढली तवा माज्या नाकात जे गेलं ना अक्का, ते अजून सपनात येतं. माजी बी न्हाणी शिकव." दोघी मग रिठे फोडत, साली कापत आमच्या ओट्यावर तासन्‌तास बसायच्या. बोलायच्या काकूच. अक्का ऐकायची, मधूनच कागदी आवाजात काहीतरी म्हणायची, आणि काकू खो-खो हसायच्या.

भाऊजींशी मात्र तिचं वाजलं. तिनं दुकानातून ॲसिड काढायला सांगितलं. भाऊजी म्हणाले, "मी न्हाय इकलं तर पलीकडचा इकंल. धंदा हाय ह्यो."

"इकू द्या त्याला."

"आन् गिऱ्हाईक?"

दुसऱ्या दिवशी अक्का दुकानात जाऊन गल्ल्याशेजारच्या पोत्यावर बसली. जो ॲसिड मागेल त्याला त्या फाटक्या आवाजात विचारायची, "न्हाणीला खिडकी हाय का? पावडर बी टाकता का वरनं?" तो आवाज ऐकूनच माणूस दचकायचा. आठवडाभरात भाऊजींनी ॲसिडचे कॅन परत पाठवले, पावडरही मागवायची बंद केली. मला म्हणाले, "तिचा आवाज गिऱ्हाइकांपरीस मलाच आइकवत न्हाय."

मग कोरोना आला. पहिल्या लाटेत आम्ही अक्काला परसाबाहेर पडू दिलं नाही. लोकांना जिथं तिथं ब्लीचिंग पावडर हवी होती, आणि ती पुन्हा दुकानात आली. भाऊजींनी घाबरत अक्काला विचारलं. ती म्हणाली, "रोगराई हाय. लोकांना लागंल. पर सांगून इका." भाऊजी प्रत्येकाला सांगायचे, चमचाभर टाका, दारं उघडी ठेवा, कशात मिसळू नका.

दुसऱ्या लाटेत आमच्या ह्यांना ताप आला. तपासणीत निघालं. त्यांना सेंटरला हलवलं आणि त्याच दुपारी पाठीला पंप बांधलेली दोन माणसं गल्लीत आली. बाधित घर म्हणून आमच्याकडं आतबाहेर औषध मारायचं होतं. अक्का दारात येऊन उभी राहिली, चौकटीला दोन्ही हात लावून.

"दादा, बाहेर मारा. आत नगं."

"मावशी, नियम हाय."

"मला त्या वासानं जीव जाईल. मी साबणाच्या पाण्यानं सगळं घर धुतलंय. कड्या, दारं, बटनं, सगळं. तुमी हात लावून बगा." एवढं बोलून तिला धाप लागली. पंपवाला पोरगेला होता. त्यानं तिच्या छातीकडं पाहिलं, पंपाची नळी खाली केली आणि म्हणाला, "आमी रस्त्याच्या पलीकडनं मारतो, मावशी. तुमी दार लावून घ्या." माणुसकीनं वागला तो.

पण गल्ली बघत होती. खिडक्यांतून आवाज आले. "एका बाईपायी सगळ्यांनी मरायचं का?" "त्यांच्यातच रोग हाय आन् त्यांनाच सूट!" ज्या बायका रिठ्याचं पाणी मागायला यायच्या, त्याच बोलत होत्या. मी आवाज ओळखत होते आणि माझा कानांवर विश्वास बसत नव्हता. सुमनकाकूंचा आवाज त्यांत नव्हता. त्यांचा सोलापूरचा भाऊ नुकताच गेला होता, त्यांना त्याचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं. आणि सुनेचं तान्हं बाळ घरात होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. अक्का उघड्या दाराच्या आड, वाऱ्याला म्हणून फरशीवर बसली होती. बाहेरून ती दिसत नव्हती. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर पाणी आदळल्याचा आवाज झाला आणि मी पुढं आले. सुमनकाकू आमच्या ओट्यासमोर रस्त्यावर उभ्या होत्या, हातात रिकामी बादली. ओट्यावर, उंबऱ्यावर, आतल्या फरशीपर्यंत दाट पांढरं पाणी पसरलं होतं. ब्लीचिंग पावडर नुसती कालवलेली, लापशीसारखी. तापलेल्या फरशीवरून तिची वाफ उठत होती.

"माज्या बाळाला काय झालं तर!" काकू ओरडत होत्या. "माज्या बाळाला काय झालं तर!"

आणि मग दाराआडून तो खोकला आला.

काकूंच्या हातातली बादली पडली. त्यांचा चेहरा मी कधीही विसरणार नाही. ज्या वासाच्या आठवणीनं त्या झोपेतून उठायच्या, तो त्यांनी स्वतःच्या हातानं तिच्यावर ओतला होता, आणि हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्या पुढं धावल्या, उंबऱ्यापाशी आल्या, आणि आमचं बाधित घर आठवून तिथंच खिळल्या. पुढंही येता येईना, मागंही जाता येईना.

मी अक्काला परसात ओढत नेलं. डॉक्टरांनी दिलेला तिचा श्वासाचा पंप तोंडात धरला. काही उपयोग होईना. ह्यांना ताप आल्यापासून भाऊजी दुकानातच मुक्कामाला होते, ते दुकान उघडं टाकून पळत आले. जीपवाले यायला तयार नव्हते. शेवटी ऊस वाहणाऱ्या एका ओळखीच्या माणसाचा पिकअप मिळाला. मागं गादी टाकून आम्ही धाराशिवला निघालो. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. वाटेत तिनं माझा पदर ओढला. मी कान तोंडाशी नेला.

"सुमनला... काय बोलू नको," ती म्हणाली. मध्ये श्वास तुटत होता. "भ्यालीय ती. भ्याल्यावर... मी बी... असंच वतायची."

"गप्प राहा अक्का."

"सांग तिला. मी... बोलले म्हनून."

दवाखान्यात सगळीकडं माणसं. खाटा नव्हत्या, तरी कुणीतरी स्ट्रेचर दिलं, ऑक्सिजन लावला, डॉक्टर-नर्स रात्रंदिवस झटले. तिला कोरोना झालेला नव्हता. ते आम्ही प्रत्येकाला सांगत होतो, जणू त्यानं काही फरक पडणार होता. काही दिवसांनी पहाटे ती गेली. आमच्यात जाळत नाहीत, बसवूनच पुरतात. चौघा माणसांत तिला मातीत बसवून आम्ही परत आलो. हे सेंटरमध्ये होते, त्यांना फोनवर सांगितलं. "कशानं?" एवढं एकच त्यांनी विचारलं, आणि मी उत्तर दिल्यावर पुन्हा विचारलं, "कशानं?"

घरी आलो तेव्हा दुपार झाली होती. गल्लीतली दारं बंद होती. समोर रस्त्यात, भर उन्हात, सुमनकाकू उभ्या होत्या. अनवाणी. कधीपासून उभ्या होत्या कुणास ठाऊक. आम्ही उतरलो तशा त्या भाऊजींसमोर आल्या आणि हात जोडले.

"मला शिव्या द्या, अण्णा. तोंडात मारा माज्या. पोलिसांत द्या."

मी त्यांना अक्काचा निरोप सांगितला, तिनं दिला होता तसाच, तुटक तुटक. काकूंनी ते शेवटपर्यंत ऐकलं. त्या रस्त्यावरच बसल्या. रडल्या नाहीत. नुसत्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या, जणू मी त्यांना मारलं होतं.

भाऊजी समोर उभे होते. कोरडे डोळे, मातीनं माखलेले हात. मला वाटलं आता हा माणूस काहीतरी भयंकर बोलणार. ते खाली वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुला काय शिव्या देऊ, सुमन? ती पावडर म्याच तुला तोलून दिलती."

भाऊजी काकूंच्या शेजारीच रस्त्यावर बसले. मी दोघांकडं बघत उभी राहिले.

आत्याबाई दारात आल्या. त्यांना अलीकडं नीट दिसत नव्हतं. कपाळावर हात धरून त्यांनी रस्त्याकडं निरखून पाहिलं.

"कोन हाय ते?" त्यांनी विचारलं.

"सुमनकाकू," मी म्हणाले.

आत्याबाई चौकट धरून बाजूला सरल्या, आत जायला वाट ठेवून.

"मंग उन्हात कशाला बसवलंय तिला?" त्या म्हणाल्या. "आत घ्या दोघास्नी."